मातीच्या डोंगरांचे धनी

हेन्री ब्रॅकनरिज हा पंचविशीतला वकील १८११ साली सेंट लुईसहून मिसिसिपी ओलांडून पलीकडच्या गवताळ पूरमैदानात गेला. चालता चालता त्याला दुरून गवताच्या प्रचंड गंजी वाटाव्यात असे मातीचे उंचवटे एकामागून एक दिसू लागले. मग समोर आला तो डोंगरच. सुमारे १०० फूट उंच आणि पायथ्याशी जवळपास १४ एकर जमीन व्यापलेला. ट्रॅपिस्ट पंथाच्या काही ख्रिस्ती साधूंची वस्ती तेव्हा तिथे होती आणि त्याच्या उतारावर ते भाजीपाला पिकवत होते. त्यांच्यावरूनच पुढे त्याला ‘मंक्स माउंड’ हे नाव पडले. हा डोंगर माणसांनी रचलेला आहे हे ब्रॅकनरिजच्या ध्यानात आले. इथे कधीकाळी मोठे, दाट वस्तीचे शहर नांदत असले पाहिजे, असे त्याने लिहिले आणि १८१३ मध्ये थॉमस जेफरसन यांना पत्राने कळवले. त्याच्या म्हणण्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

त्याचा अंदाज खरा होता. पण तो मान्य व्हायला अमेरिकेला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या दिरंगाईमागे नुसते अज्ञान नव्हते. ज्यांची जमीन घ्यायची आहे त्यांच्या पूर्वजांनी शहरे वसवली होती, हे कबूल करणे गैरसोयीचे होते. म्हणून डोंगर आहेत, पण त्यांचे धनी नाहीसे झाले, अशी कथा रचली गेली. मिसिसिपीकाठच्या या लोकांचा उदय जितका थक्क करणारा आहे, तितकीच त्यांना बेवारस ठरवणारी ही कथा संतापजनक आहे. मला दोन्ही सांगायच्या आहेत.

ब्रॅकनरिजने पाहिलेल्या जागेला आज कहोकिया म्हणतात. मिसुरी आणि इलिनॉय या नद्या जिथे मिसिसिपीला मिळतात, तिथून ही जागा फार लांब नाही. दर पुरात नवा गाळ, जुन्या पात्रांत उरलेली तळी, त्यांत मासे आणि बदके, कडेच्या टेकड्यांवर ओक आणि हिकरीची रानं, आणि चारी दिशांना पाण्याचे रस्ते. इथले लोक फार पूर्वीपासून शेती करत होते. आपल्या चाकवताच्या कुळातल्या एका झाडाचे बी, सूर्यफूल, भोपळे, काही जंगली गवतांचे दाणे ही त्यांची पिके. मेक्सिकोकडून आलेला मका इ. स. ९०० च्या आसपास इथे मन लावून पिकवला जाऊ लागला आणि हळूहळू ताटातला मोठा भाग त्याने व्यापला. त्याची किंमतही लोकांनी मोजली. त्या काळातल्या अनेक सांगाड्यांचे दात किडलेले आढळतात. पण मका साठवता येतो, वाटता येतो, आणि कामाला बोलावलेल्या हजारो माणसांना त्यावर जेवू घालता येते.

इ. स. १०५० च्या सुमारास इथे जे घडले ते हळूहळू झालेल्या वाढीसारखे नाही. जुनी वस्ती मोडून जागा सपाट केली गेली आणि नव्या आखणीने शहर उभे राहिले. सगळी आखणी उत्तर दिशेपासून सुमारे ५ अंश कललेली, जणू एकाच दोरीने आखलेली. मंक्स माउंडच्या दक्षिणेला सुमारे ५० एकरांचे पटांगण आहे. ते निसर्गतः सपाट असेल असेच पूर्वी वाटत होते. तपासल्यावर कळले की उंच भाग छाटून, खोलगट भाग भरून ते मुद्दाम सपाट केलेले आहे. पुरातत्त्वज्ञ टिमोथी पॉकेटट यांनी या उसळीला ‘बिग बँग’ म्हटले ते या वेगामुळेच. थोड्याच काळात तिथली वस्ती दहा ते वीस हजारांच्या घरात गेली. सांगाड्यांच्या दातांतल्या स्ट्रॉन्शियमच्या तपासणीवरून दिसते की त्यांतली साधारण तिसरा हिस्सा माणसे बाहेरून येऊन इथे राहिली होती. म्हणजे हे शहर एका कुळाचे नव्हते. नाना ठिकाणच्या, बहुधा नाना बोलींच्या लोकांनी मिळून ते घडवले.

कहोकियात एकूण सुमारे १२० उंचवटे होते. बहुतेकांचे माथे सपाट, आणि त्यांवर घरे, सभागृहे किंवा देवस्थाने. मंक्स माउंडच्या माथ्यावर १०० फुटांहून लांब आणि सुमारे ५० फूट रुंद लाकडी इमारत होती. या एका डोंगरात अंदाजे २ कोटी २० लाख घनफूट माती आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला अमेरिका खंडात युरोपीय येण्यापूर्वीची एवढी मोठी मातीची रचना दुसरी नाही. ओझे ओढणारे जनावर नव्हते आणि गाडीचे चाकही वापरात नव्हते. आसपासच्या खड्ड्यांतून दगडी पात्याच्या अवजारांनी माती उकरायची, पाटीत भरायची आणि अंगावर वाहून न्यायची. तीही कशीही ओतलेली नाही. चिकणमाती, वाळू, गवताच्या मुळांसह कापलेले ढेकूळ, असे वेगवेगळे थर त्यांनी जाणून लावले आहेत. चिकणमाती पाणी धरून फुगते आणि सुकली की तडकते, हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. नाहीतर हजार वर्षांच्या पावसात तो ढीग कधीच वाहून गेला असता. काही बाजू खचल्या आहेत, पण डोंगर उभा आहे. मला या कामात कुठल्याही दगडी मंदिराइतकीच विद्या दिसते.

या लोकांनी लिपी मागे ठेवलेली नाही, त्यामुळे जे वाचायचे ते मातीतूनच. पटांगणाजवळच्या एका मोठ्या खड्ड्यात हरणांची आणि हंसांची हाडे, हजारो मडक्यांच्या खापऱ्या आणि तंबाखूच्या बिया असा महापंगतींचा उष्टा-खरकटा ऐवज सापडला. त्यांच्या मडक्यांच्या मातीत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असे, त्यामुळे भांडी पातळ, मोठी आणि तडे न जाणारी होत. काही प्याल्यांच्या खापऱ्यांवर यॉपन नावाच्या झुडपाच्या पानांच्या काढ्याचे अंश मिळाले. हे झुडूप शेकडो किलोमीटर दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला वाढते. आखातातले शंख, सुपीरियर सरोवराकडचे तांबे, अॅपलेशियन डोंगरांतला अभ्रक, दक्षिण इलिनॉयमधल्या गारगोटीची पाती हे सारे नदीवाटेने इथे येत होते. चंकी नावाच्या खेळात दगडी चकती जमिनीवरून घरंगळत सोडायची आणि ती जिथे थांबेल तिथे आपला भाला टाकायचा. तो खेळ इथून दूरवर पसरला.

१९६१ साली नव्या महामार्गासाठी जागा खणली जात असताना पुरातत्त्वज्ञ वॉरन विट्री यांना मोठ्या खड्ड्यांच्या कमानी दिसल्या. त्या खड्ड्यांत कधीकाळी लाल सीडरचे खांब वर्तुळात उभे होते. ‘वुडहेंज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वर्तुळांपैकी एक ४१० फूट व्यासाचे आणि ४८ खांबांचे होते. मध्यभागी उभे राहून पाहिले तर वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, मंक्स माउंडच्या अंगाने सूर्य उगवताना दिसतो. मक्याची पेरणी ज्यांचे जगणे ठरवत होती, त्यांनी सूर्याला असा खांबांत बांधून घेतला होता.

आता एक काळीज हलवणारा भाग. ‘माउंड ७२’ हा तुलनेने लहान, कण्यासारखी धार असलेला उंचवटा. मेल्व्हिन फाउलर यांनी १९६७ पासून पाच हंगाम तो खणला. आत २७० हून अधिक माणसे पुरलेली होती. एका दफनात शंखाच्या सुमारे २०,००० मण्यांची पक्ष्यासारखी मांडणी होती आणि तिच्याशी लगटून मुख्य मृतदेह ठेवलेले होते. जवळ बाणांची शेकडो टोके, तांबे, अभ्रक, चंकीच्या चकत्या. दुसऱ्या एका खड्ड्यात ५३ तरुण स्त्रिया ओळीने ठेवलेल्या. आणखी एका ठिकाणी चार पुरुष, त्यांची शिरे आणि हात नाहीत. कितीतरी वर्षे हे दफन ‘पक्षिमानव’ म्हणवल्या गेलेल्या एका बलाढ्य पुरुष सरदाराचे मानले जात होते. २०१६ साली हाडे पुन्हा तपासली तेव्हा कळले की मण्यांवर एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी होती, आणि आसपासच्या दफनांतही स्त्रिया होत्या. बळी गेलेल्या स्त्रिया बाहेरून खंडणी म्हणून आणल्या असाव्यात असाही समज होता. दातांच्या अभ्यासावरून त्यांपैकी बहुतेक याच परिसरातल्या असाव्यात असे दिसते. त्या शहराचे वैभव सांगताना या ५३ जणींना वगळता येत नाही. ज्या श्रद्धेने डोंगर रचले, तिनेच ही रांगही मांडली.

आणि त्याच काळाची एक वेगळी मूर्ती. कहोकियाच्या जवळच १९७९ मध्ये तांबड्या दगडाची एक छोटी स्त्रीप्रतिमा सापडली. गुडघ्यांवर बसलेली ही स्त्री एका नागाच्या पाठीवर कुदळ चालवते आहे. नागाची शेपटी पुढे वेल होते आणि त्या वेलीला भोपळे लागलेले आहेत. जमीन, नाग, बाई आणि पीक यांना एकाच आकारात गुंफणाऱ्या त्या कारागिराचा हात फार मोठा होता. तिथे शेतीचे काम बायकांचे होते, हेही ती मूर्ती सांगते.

कहोकियाची रीत पुढे खंडाच्या मोठ्या भागात दिसते. माथा सपाट असलेले मातीचे उंचवटे, मधे पटांगण, भोवती मक्याची शेते. अलाबामात ब्लॅक वॉरियर नदीवर माउंडव्हिल, जॉर्जियात एटोवा, ओक्लाहोमात स्पायरो. या सगळ्यांना अभ्यासक ‘मिसिसिपियन’ म्हणतात, पण त्यांच्यावर एका राजाचे राज्य नव्हते. प्रत्येकाचा सरदार वेगळा, भांडणे वेगळी. स्पायरोचे मात्र दुर्दैव. १९३३ ते १९३५ दरम्यान तिथला मोठा उंचवटा काही जणांनी भाड्याने घेऊन लुटला, शेवटी दारू ठासून उडवला, आणि आतली वस्त्रे, कोरीव शंख, तांब्याचे पत्रे मिळेल त्या भावाने विकले.

कहोकिया ओस पडले ते एका रात्रीत नाही. बाराव्या शतकाच्या मध्याला या भागात मोठे दुष्काळ पडले. पूर्वेकडच्या उंच जमिनीवरची शेतकरी गावे, जिथून शहराला धान्य येत असावे, त्याच सुमारास रिकामी होऊ लागली. ११७५ च्या आसपास शहराच्या मधल्या भागाभोवती सुमारे ३ किलोमीटरची लाकडी तटबंदी उभी राहिली, आणि पुढे ती वारंवार नव्याने बांधली गेली. दर खेपेला हजारो ओंडके. ज्या शहराने पटांगण सगळ्यांसाठी उघडे ठेवले होते, त्याने आता स्वतःभोवती भिंत घातली. नदीजवळच्या, आजच्या ईस्ट सेंट लुईसमधल्या वस्तीत याच काळात घरे जळाल्याच्या खुणा आहेत. तळ्याच्या गाळात १२०० च्या सुमाराच्या एका मोठ्या पुराचा थरही सापडतो. १२०० नंतर लोकसंख्या घटत गेली आणि १३५० ते १४०० पर्यंत शहर जवळपास रिकामे झाले. हे आपण मोजू शकतो ते एका अनपेक्षित साधनाने: माणसांच्या विष्ठेतली काही रसायने हॉर्सशू तळ्याच्या गाळात थराथराने साठलेली आहेत.

कारणांबद्दल एक गोष्ट पुस्तकांतून फार ठासून सांगितली जाई, की लोकांनी बेसुमार झाडे तोडली, माती वाहून आली, पूर आले आणि शहर आपल्याच करणीने बुडाले. कॅटलिन रँकिन यांनी एका उंचवट्याच्या पायथ्याची माती बारकाईने तपासून २०२१ साली दाखवले की तिथे तसल्या पुरांचा माग नाही. जमीन स्थिर होती. निसर्गाला ओरबाडणाऱ्यांना शिक्षा झाली ही गोष्ट आपल्या काळाला पटते म्हणून ती खरी मानायची नसते. मला वाटते कारण राजकारणात जास्त होते. नाना ठिकाणच्या लोकांना एकत्र धरून ठेवणारी श्रद्धा आणि पंगत, दुष्काळात दोन्ही विरळ झाल्या. आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात जागेला तोटा नव्हता. ज्याला पटेना, तो होडी घेऊन निघाला. लोक मेले नाहीत, पांगले. ओसेज, ओमाहा, पोंका, कान्सा, क्वापॉ हे एका भाषाकुळातले लोक आपल्या पूर्वजांच्या वाटा या नद्यांच्या संगमाकडूनच सांगतात. नव्या अभ्यासावरून १५०० नंतर कहोकियाच्या परिसरात पुन्हा माणसे राहू लागली असेही दिसते. शहर पुन्हा झाले नाही, पण जमीन रिकामी राहिली नाही.

दक्षिणेत तर ही संस्कृती युरोपीयांनी डोळ्यांनी पाहिली. १५३९ च्या मे महिन्यात स्पॅनिश मोहिमेचा नायक हर्नांदो दे सोतो सुमारे ६०० माणसे, घोडे आणि डुकरे घेऊन फ्लोरिडात उतरला. त्याच्या सोबत्यांच्या लेखनात मक्याची मैलोगणती शेते, तटबंदीची गावे, उंचवट्यांवरची सरदारांची घरे येतात. आजच्या साउथ कॅरोलायनात कोफिताचेकीची सरदारीण पालखीतून येऊन त्याला भेटली, आपल्या गळ्यातली मोत्यांची माळ तिने त्याला दिली. त्याने तिच्या पूर्वजांच्या देवस्थानातले मोती उपसले, तिला कैद करून बरोबर नेले. पुढे ती निसटली. १८ ऑक्टोबर १५४० रोजी अलाबामात माबिला येथे तास्कालुसा नावाच्या सरदाराने स्पॅनिश तुकडीला गावात घेऊन लढाई दिली. स्पॅनिशांनी गाव पेटवले. त्यांच्याच लिखाणाप्रमाणे दोन-अडीच हजारांहून अधिक स्थानिक मारले गेले. १५४१ मध्ये दे सोतोने मिसिसिपी ओलांडली, १५४२ च्या मे महिन्यात तो तिच्याच काठी मेला आणि त्याच नदीत त्याचे प्रेत सोडले गेले. उरलेले तीनशेच्या आसपास लोक १५४३ मध्ये होड्यांनी मेक्सिकोला पोहोचले. वाटेत क्विग्वाल्ताम सरदाराच्या मोठ्या होड्यांच्या ताफ्याने त्यांना नदीभर पळवले होते.

पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे या खोऱ्याविषयी युरोपीय लेखन जवळपास नाही. १६८२ मध्ये फ्रेंच प्रवासी ला साल नदीने खाली उतरला, तेव्हा दे सोतोच्या लोकांनी जिथे गावांमागून गावे पाहिली होती तिथे तुरळक वस्ती होती. देवी, गोवर यांसारखे नवे रोग, गुलामांसाठीच्या धाडी आणि त्यांनी पेटवलेली युद्धे यांनी सगळी घडी मोडली होती.

एक जमात मात्र जुन्या रीतीने जगत होती. मिसिसिपीच्या काठचे नॅचेझ. त्यांच्या प्रमुखाला ‘महासूर्य’ म्हणत. त्याचे घर एका उंचवट्यावर, आणि दुसऱ्यावर देवस्थान, जिथला अग्नी विझू द्यायचा नसे. गादी बापाकडून मुलाकडे जात नसे. महासूर्यानंतर त्याच्या बहिणीचा मुलगा येई. त्यांच्यात अनेक वर्षे राहिलेल्या ल पाज द्यु प्रात्झ या फ्रेंच माणसाने १७२५ साली महासूर्याचा भाऊ ‘टॅटूड सर्पंट’ याची अंत्ययात्रा पाहिली. त्याच्या बायका आणि सेवक त्याच्याबरोबर जाण्यास तयार झाले आणि त्यांना गळा आवळून मारले गेले. माउंड ७२ ची खोदाई पुढे अडीचशे वर्षांनी झाली, तेव्हा अभ्यासकांना हे वर्णन आठवले.

१७२९ मध्ये तिथल्या फोर्ट रोझली या किल्ल्याच्या फ्रेंच अधिकाऱ्याने नॅचेझांना एक संपूर्ण गाव खाली करायला सांगितले, कारण त्याला तिथे स्वतःचा मळा हवा होता. नोव्हेंबरच्या अखेरीस नॅचेझांनी उठाव केला आणि २०० हून अधिक फ्रेंच मारले. फ्रेंचांनी चोक्टॉ लोकांच्या मदतीने त्यांना दोन वर्षांत मोडून काढले. महासूर्यासह शेकडो कैदी कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग वसाहतीत, आजच्या हैतीत, गुलाम म्हणून विकले गेले. वाचलेले चिकसॉ, क्रीक आणि चेरोकी लोकांत जाऊन मिसळले.

अशी सगळी नावे, तारखा, माणसे नोंदलेली असताना एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेने ठरवले की हे उंचवटे कुणा ‘हरवलेल्या वंशाने’ बांधले. कुणी इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्या म्हटल्या, कुणी फिनिशियन, कुणी व्हायकिंग. अमेरिकन इंडियन मात्र नाहीत, ते नंतर आलेले रानटी. ही कथा करमणुकीपुरती राहिली नाही. मे १८३० मध्ये पूर्वेकडच्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी काँग्रेसपुढच्या संदेशात या उंचवट्यांचाच दाखला दिला. एक थोर वंश गेला आणि त्याच्या जागी आताच्या टोळ्या आल्या, तर आता यांनीही जागा सोडावी, असा त्याचा रोख होता. पुढच्या दहा वर्षांत चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, चेरोकी यांना हाकलले गेले. हजारो जण वाटेत मेले. ज्यांच्या पूर्वजांनी डोंगर रचले होते, त्यांनाच त्या डोंगरांच्या साक्षीने घराबाहेर काढले गेले. इतिहासाच्या खोट्या लेखनाने एवढी थेट इजा झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

उंचवटेही सुटले नाहीत. सेंट लुईसला तेव्हा ‘माउंड सिटी’ म्हणत. तिथला सर्वांत मोठा उंचवटा १८६९ साली रेल्वेच्या भरावासाठी खणून नेला. आत दफने निघाली, मणी निघाले. थॉमस ईस्टर्ली या छायाचित्रकाराने शेवटपर्यंत त्याची छायाचित्रे घेतली म्हणून तो निदान कसा होता ते दिसते. १८९४ मध्ये सायरस थॉमस यांनी सरकारी अहवालात शेकडो उंचवट्यांचा पुरावा मांडून दाखवले की बांधणारे इथल्याच इंडियनांचे पूर्वज होते. तोवर हाकलण्याचे काम पुरे झालेले होते. कहोकियाचा मधला भाग १९२५ मध्ये इलिनॉय राज्याने विकत घेतला. १९८२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले, आणि तरी त्या जुन्या शहराच्या अंगावरून आज महामार्ग जातो.

धनी मात्र परतू लागले आहेत. मिसिसिपी राज्यातला नानिह वाया हा उंचवटा चोक्टॉ लोक आपले जन्मस्थान मानतात; २००८ मध्ये तो तिथल्या चोक्टॉ जमातीच्या ताब्यात परत आला. नॅचेझांचे वंशज ओक्लाहोमात मस्कोगी (क्रीक) आणि चेरोकी लोकांत राहतात. आणि सेंट लुईस शहरात उरलेला एकमेव उंचवटा, शुगरलोफ माउंड, ओसेज नेशनने २००९ मध्ये स्वतःचे पैसे मोजून विकत घ्यायला सुरुवात केली. त्याच्या माथ्यावर कुणाचे तरी घर बांधलेले होते. ते त्यांनी पुढे पाडून टाकले.